अॅडमिनसाहेब, हे चित्र माझं आहे

आदरणीय अॅडमिनसाहेब,



आपल्या कलारसिकांच्या ग्रुपवर मी माझ्या जलरंगचित्रांच्या प्रदर्शनाचं निमंत्रण टाकलं आणि चहा गाळून होईस्तोवर ते नाहीसं झालं. मागोमाग आपला निरोप आला : ‘नियम क्र. ४ वाचावा. स्वतःच्या कामाची जाहिरात चालणार नाही.’ शेवटी जोडलेले दोन हात. त्या हातांबद्दल आभारी आहे.

नियम वाचला. फेसबुकवर ग्रुप काढला की तयार नियमांचा एक संच हाती येतो, त्यात जाहिराती आणि स्पॅम नको हेही असतं. आपण तो तसाच उचललात, यात गैर काही नाही. प्लॉटवाले, क्रिप्टोवाले, महिन्यात पोट उतरवणारा काढा विकणारे रोज दारात उभे असतात. त्यांना आवरायला कुणीतरी दंडुका घेऊन बसावंच लागतं, तेही बिनपगारी. हे मी मनापासून म्हणतो. फक्त एवढंच की काढेवाला हाकलला तर उद्या दुसऱ्या नावाने परत येतो. चित्रकार आपल्याच नावाने येतो, म्हणून सापडतो.

काय चालतं, तेही पाहून ठेवलं आहे. दवबिंदूंसह गुलाब चालतो. लिलावाच्या बातम्या चालतात. अमुक चित्राला इतके कोटी आले, ही बातमी एकाच दिवशी चौघांनी टाकली तरी ती लिलाव कंपनीची जाहिरात आहे असं कुणाला वाटत नाही. एआयने काढलेला सहा बोटांचा विठोबा चालतो, कारण तो कुणीच काढलेला नाही. चित्र कुणाचंच नसलं की ते शंभर टक्के नियमात बसतं, असा माझा अभ्यास आहे.

गेल्या पावसाळ्यात माझंच एक भातलावणीचं चित्र फिरत फिरत ग्रुपवर आलं. कोपऱ्यातली सही कापलेली, वर ‘चित्रकार अज्ञात, पण काय हात आहे!’ असा मजकूर. बदामांचा पाऊस पडला. पाणी असं सोडणं आपल्याकडच्या कुणाला जमायचं नाही, चित्रकार बहुधा रशियन असावा, असं एका काकांनी ठामपणे सांगितलं. मी खाली लिहिलं, ‘हे चित्र माझं आहे.’ आपण ते वाक्य काढून टाकलंत. चित्र राहिलं.

मी कुरकुर केली तेव्हा आपण एक वाट दाखवलीत : आधी नऊ जणांच्या पोस्टवर प्रतिसाद द्या, मग एक स्वतःची टाका. हा हिशेब मुळात रेडिटवरचा; स्वतःचा मजकूर दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा दंडक तिथे अनेक वर्षं सांगितला जायचा. मी निष्ठेने कामाला लागलो. गुलाबाला ‘अप्रतिम’, सूर्यास्ताला ‘शब्द नाहीत’, त्या विठोबालाही ‘माउली!’ लिहून झालं. ब्रशपेक्षा अंगठा जास्त झिजला. शेवटी कमावलेली ती एक पोस्ट टाकली, तर ती ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ गेली आणि मंजूर झाली तेव्हा प्रदर्शन उतरलेलं होतं.

आपण मला गायतोंड्यांचं उदाहरणही दिलंत. वासुदेव गायतोंडे कुठे स्वतःचा डंका पिटत होते? नव्हते, हे खरं. माणूस एकांतात राहिला, मोजकी चित्रं केली, गवगव्यापासून दूर राहिला. २००१ साली ते गेले. २०१५ साली मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९ कोटींच्या वर किंमत आली. चौदा वर्षं कळ काढण्याची माझी तयारी आहे, साहेब; रंगांच्या दुकानदाराची नाही.

उलट दादासाहेब फाळक्यांचं बघा. ३ मे आली की आपल्या ग्रुपवर त्यांचा फोटो लागतोच, कारण १९१३ साली त्याच तारखेला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हेच दादासाहेब चित्रपट घेऊन सुरतेला गेले, तेव्हा पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपयांचा झाला, असं सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत तासन्‌तास नाटक बघायची सवय. हा खेळ बघता बघता संपणारा. मग दादासाहेबांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दाम फक्त तीन आणे! मी बसून हिशेब केला. चित्रपटाची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास, एका फुटात सोळा चौकटी. सत्तावन्न हजार जवळपास बसतात. दोन मैल मात्र काही केल्या बसत नाहीत, पाऊण मैलसुद्धा भरत नाही. म्हणजे स्वतःची जाहिरात तर आहेच, वर दिशाभूलही. आपण त्यांना दोन नियमांखाली काढलं असतं. सुरतेत मात्र गर्दी लोटली.

त्याआधी हेच फाळके रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करून आले होते. तो छापखाना म्हणजे तरी काय? आपलीच चित्रं आपणच छापून घराघरांत पोचवायची, अशी योजना. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिकडे पॅरिसमध्ये १८५५च्या जागतिक प्रदर्शनात कूर्बे या चित्रकाराची मोठी चित्रं नाकारली गेली, तेव्हा त्याने प्रदर्शनाच्या शेजारीच स्वतःचा मंडप उभारला आणि तिकीट लावलं. आणि आपले संत? अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालून मोकळे. आपली कात्री सतराव्या शतकात असती, तर देहूच्या वाण्याचे अभंग आज ‘कवी अज्ञात’ म्हणून फिरत असते.

स्वतःबद्दल बोलू नये, हा संस्कार मलाही आहे. पण बघा, गॅलरीने माझं नाव घेतलं तर ते कलावृत्त, समीक्षकाने घेतलं तर परीक्षण, श्रीमंत संग्राहकाने घेतलं तर अभिरुची. मी घेतलं की जाहिरात. गॅलरी हे काम विक्रीतला वाटा घेऊन करते. ज्याला तो वाटा परवडतो त्याला आपला नियम शिवतही नाही. नियम क्र. ४ लागू होतो तो फक्त ज्याच्यासाठी बोलायला दुसरं कुणी नाही त्याला.

तेव्हा तो रद्द करा, असं म्हणत नाही. काढेवाले परवडायचे नाहीत. त्याच्या खाली फक्त एक ओळ जोडा : ‘ग्रुपवर चित्र टाकणाऱ्याने चित्रकाराचं नाव लिहावं. नाव ठाऊक नसेल तर विचारावं. आणि कुणी “मी” असं उत्तर दिलं, तर ते उत्तर राहू द्यावं.’

कळावे, लोभ असावा.

आपला,
जलरंगात चित्रं काढणारा आणि ती विकणारा एक सदस्य
(रशियन नव्हे)