आभाराची चिठ्ठी, दाराखालून

शेजाऱ्याने अडीअडचणीला मदत केली तर स्वहस्ते दोन ओळी लिहून आभार मानावेत, असा सल्ला हल्ली मिळतो. सल्ला उत्तम. अडचण एवढीच, की आपल्या सोसायट्यांत हस्ताक्षरावरचा हक्क तक्रारींनी केव्हाच बजावला आहे. 'कुंड्यांचे पाणी खाली सांडू नये' जिन्यात, 'गाडी नीट लावावी' वायपरखाली, तेही निनावी. दाराखालून कागद सरकला की समोरच्या काकूंना आधी मेन्टेनन्सची थकबाकीच आठवते.

आपली कृतज्ञता चालते भांड्यांतून. पुरणपोळीचा डबा आला तर रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. मग डबा वर्षभर या घरातून त्या घरात फिरतो आणि खरा मालक कोण, हे तळाशी कोरलेल्या नावावरूनच कळतं.

तरी लिहायचंच असेल तर जरूर लिहा. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं, खर्चाची सबब नको. फक्त वर ठळक अक्षरांत 'तक्रार नाही' असं लिहा. नाहीतर काकू ते न वाचताच सेक्रेटरींकडे देतील आणि तुमचे आभार पुढच्या सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळच्या विषयां'त चर्चेला येतील.