पुन्हा मार सेल्फ

रविवारी सकाळी साडेआठला माझ्या गाडीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘टक्’ असा एकच आवाज केला आणि ती गप्प झाली. पुन्हा किल्ली फिरवली. टक्. तिसऱ्या टकला दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. चौथ्याला अण्णा खाली हजर होते.

अण्णा प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडचे बनियन-लेंग्यात, हात पाठीमागे बांधून येतात. बंद पडलेल्या गाडीला ते बोट लावत नाहीत, जे दाखवायचं ते चष्म्याच्या घरानं दाखवतात. आधी बॉनेटपाशी डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “पुन्हा मार सेल्फ.” मी मारला. टक्. अण्णांनी डोळे उघडले.

“कचरा.”

अण्णांकडे चोवीस वर्षं पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्यांचं सगळं निदानशास्त्र त्या एका गाडीवर उभं आहे. पावसाळ्यात अडली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसायची, थंडीत चोक ओढायचा, खंडाळ्याच्या घाटात तापली तर पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर कार्बोरेटरमध्ये कचरा. पद्मिनीपुरतं हे बरोबरही होतं. माझ्या गाडीत कार्बोरेटरच नाही, असं मी सांगितलं.

“नसू दे,” अण्णा म्हणाले. “कचरा कुठेही येतो.”

गाडीबद्दल सांगायला हवं. ती सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. स्पोर्ट्स कार म्हणावं तर रिक्षावाले हसतात, न म्हणावं तर मला वाईट वाटतं. बॉडी फायबरग्लासची आहे, एवढं लक्षात ठेवा.

वॉचमन म्हणाला, बॅटरी उतरली असेल. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “हॉर्न वाजव.” वाजला. “लाइट लाव.” लागले. “बॅटरी ठणठणीत आहे!” इथे भल्याभल्यांची गल्लत होते. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, सेल्फ पहिल्या झटक्याला शंभराच्या वर ओढतो. सायकलच्या पंपानं फुगा फुगला म्हणून ट्रकचं टायर भरेल असं नाही. माझी बॅटरी खरोखर ठणठणीत निघाली ही गोष्ट वेगळी. त्यात अण्णांचा हात नव्हता.

मग प्लग झाले. मग पेट्रोलचा पंप. मग सेल्फचे कार्बन झिजलेत. मग “तुझ्या किल्लीत चिप असेल, आमच्या भाच्याच्या किल्लीत आहे.” अण्णांचं एक निदान गेलं की ते त्याचं सुतक पाळत नाहीत, लगेच दुसऱ्याच्या बारशाला लागतात. तोवर सात-आठ माणसं जमली होती. दर पाच मिनिटांनी वरून हिची हाक येत होती, “पोहे गार होतायत!” त्यावर अण्णाच उत्तर देत होते, “आलोच!”

शेवटी धक्का मारायचं ठरलं. पण फायबरच्या गाडीला धक्का कुठे मारायचा? एकानं डिकीवर हात ठेवला, तशी ती पापडासारखी कुरकुरली. मी ओरडलो. मग चौघांनी ओणवं होऊन खालची चौकट धरली आणि अण्णांनी चष्म्याच्या घरानं दिशा दिली. दुसऱ्या गिअरला, गेटपाशी, गाडी सुरू झाली.

“बघ,” अण्णा म्हणाले, “कचरा पुढे सरकला.”

धक्क्यानं सुरू झाली म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत, दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत कुठेतरी आहे, एवढं मलाही कळत होतं. सांगायला वळलो तर अण्णा पोह्यांना गेले होते. माझ्या घरच्या.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. पोरगा विशीतला, एका कानात इअरफोन. त्यानं काही विचारलं नाही. बॅटरीला मीटर लावला: १२.६. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून म्हणाला, “काका, मारा सेल्फ.” टक्. मीटरवर साडेतीन व्होल्ट. “इथे अर्धाही दिसायला नको,” तो म्हणाला. जंपर केबलचं एक टोक मायनसला, एक इंजिनला लावलं आणि “मारा” म्हणाला. गाडी अशी गर्रकन सुरू झाली की मीच दचकलो.

पत्र्याच्या गाडीत करंटला परत यायला सगळी बॉडी मोकळी असते. फायबरमधून तो येत नाही. माझ्या गाडीत येण्याची वाट एकच: इंजिनपासून चासी, आणि चासीवरच्या एका बोल्टापासून बॅटरी. पोरानं तो बोल्ट सोडवला. केबलच्या कडीखाली काळा, तुकतुकीत, ताजा रंग होता. आट्यांमधून मिळेल तेवढ्या वाटेनं करंट महिनाभर कसाबसा गेला, मग तोही दमला. त्यानं पॉलिश पेपरनं रंग खरवडला, धातू चमकला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. दहा मिनिटं, दोनशे रुपये.

रंग अँटी-रस्टचा होता. महिन्यापूर्वी, पावसाळ्याच्या आधी, “चासीला मारून घे, एक इंच सोडू नकोस” असं मला बजावणारे अण्णाच होते. रंगाऱ्यानं एक इंचही सोडला नव्हता. बॅटरी काढून, केबल सोडून, बोल्टाखालची जागासुद्धा त्यानं मनापासून रंगवली होती.

हे सांगायला मी त्यांना मुद्दाम खाली बोलावलं. अण्णा वाकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या गाडीला हात लावला. बोल्टाच्या शेजारचा रंग नखानं खरवडून पाहिला, निघाला नाही. ते ताठ उभे राहिले.

“काम अस्सल झालंय,” म्हणाले. “करंट आत गेला नाही, तिथे पाणी काय जाणार!”

तर ज्यांच्याकडे फायबरची गाडी असेल त्यांना एवढीच विनंती. चासीला अँटी-रस्ट जरूर मारा, बोल्टाखालची जागा तेवढी सोडा. आणि गाडी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली लावू नका.