लायफरकाका

लायफरकाकांना ओळखायला दुर्बीण लागत नाही. लग्नाला जायचं असो वा बँकेत, अंगात झाडीच्या रंगाचा खिसेवाला शर्ट आणि खांद्यावर ती लांबलचक तोफ, जिच्या हप्त्यांबद्दल काकू चारचौघांत बोलत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा दिसला तो पक्षी ‘लायफर’. दुसऱ्यांदा दिसला की काकांच्या लेखी संपला. बुलबुल समोर येऊन गायला लागला तरी ‘हं, झालाय’ म्हणून मान फिरवतात. शास्त्रज्ञांनी शोलाकिली नावाच्या एका पक्ष्याच्या दोन जाती केल्या, पालघाट खिंडीच्या उत्तरेची वेगळी नि दक्षिणेची वेगळी, तेव्हा यादीत घरबसल्या एक टिक वाढली म्हणून काकांनी पेढे वाटले होते.

पक्ष्याचा प्रदेश जितका चिमुकला, तितका काकांचा जीव वरखाली. म्हणून पुण्याहून थेट उटी, काळ्या-नारिंगी माशीमारासाठी. हा चिमणीहून लहान. राहणार दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात, निलगिरी-पलनीसारख्या उंच डोंगरांवर, आणि तिथंही शोला जंगलाच्या तळाशी, ओलसर झुडपांत. काका सवयीने शेंडे न्याहाळत होते. गाईडने खाली बोट दाखवलं, तर नर त्यांच्या बुटापासून तीन हातांवर निवांत किडे टिपतोय! इतक्या जवळचं तोफेला दिसेना. फोकस मिळावा म्हणून काका उलटे चालत गेले आणि काट्यांत बसले. फोटो मात्र मिळाला. शेजारी तपकिरी डोक्याची मादी होती, तिच्या वाट्याला एक क्लिकही आलं नाही. नरावर टिक होते, मग कार्ड कशाला भरा?

संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात (‘टी व्ह्यू’चे पैसे वेगळे) गाईड मोडक्या हिंदीत सांगत होता : हे समोरचे मळे आहेत तिथं शोला होतं, मधल्या गवताळ माळांवर ऑस्ट्रेलियाची युकॅलिप्टस नि वॅटल लावली, आता उरलीत घळीघळींतली ठिगळं. उष्मा वाढला तर पाखरानं वर सरकायचं म्हटलं, तरी डोंगर तिथं संपतो.

काका गंभीर झाले. ‘म्हणजे आणखी आटणार?’

‘हां साब.’

काकांनी चष्मा चढवून मोबाइल काढला. ‘ग्रुपवर टाकतो. ज्यांचा राहिलाय त्यांनी लवकर करून घ्या म्हणावं.’ मग कप खाली ठेवून गाईडकडे वळले, ‘और उद्या का क्या? इससे भी कम बचा हुआ कुछ है इधर?’