ताण

नागपुरात संत्रं विकत घेण्यात काही विशेष नाही, आणि घरी लावण्यात तर शहाणपणही नाही. हिवाळ्यात इथं कोणाकडेही जा, चहाच्या आधी संत्री पुढ्यात येतात. निघताना पिशवी भरून मिळते. नको म्हटलं की यजमानाला वाटतं पिशवी लहान पडली, म्हणून तो मोठी आणायला आत जातो. ज्या गावच्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात परसात संत्र्याचं एकुलतं एक झाड लावायचं म्हणजे पंढरपुरात राहून घरातल्या घरात वारी काढायची.

पण माझी सासुरवाडी वरूडची. मामाजींनी म्हणजे सासऱ्यांनी सहाशे झाडांची बाग जन्मभर सांभाळली. 2016च्या पावसाळ्यात ते शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून एक कलम घेऊन एसटीनं आले. कलम मांडीवर होतं आणि त्यांची स्वतःची पिशवी पायाशी. अंगणात पाय ठेवताच म्हणाले, "जवाईबापू, खुंट जंबेरीचा हाये अन् डोळा संत्र्याचा. डोळा मातीच्या वर वीतभर राह्यला पाह्यजे. अन् डोळ्याच्या खाली फुटवा दिसला का मोडून टाकजा, नाहीतर जंबेरी संत्र्याले गिळते." खुंटाला पाणी लागू नये म्हणून त्यांनी भोवती दोन गोल आळी केली, आत एक आणि बाहेर एक, आणि पाणी फक्त मधल्या चरात सोडायला सांगितलं. माझ्या लग्नातही त्यांनी इतक्या सूचना केल्या नव्हत्या.

पहिल्या वर्षी पानांवर पक्ष्यांची शीट दिसू लागली. मी रोज सकाळी पाण्यानं धुऊन काढायचो. चौथ्या दिवशी शीट चालू लागली. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब शीटेसारखी दिसते, हे ज्ञान मला मी फोडलेल्या किंकाळीनंतर झालं. मोठी झाल्यावर तीच अळी हिरवीगार होते, आणि हात लावला की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून असा उग्र वास सोडते की आपणच माफी मागावी. मामाजी फोनवर म्हणाले, वेचून मारा. आई म्हणाली, "अरे, फुलपाखरू होणार आहे ना ते?" आणि तिनं एकेक अळी पानासकट उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर नेऊन बसवली. त्यांची तिथं उत्तम सोय झाली. आमच्या घरात पुढचे काही आठवडे फोडणी बिनकढीपत्त्याची.

झाड मात्र वाढलं. पाच वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेलं, काळपट हिरव्या पानांनी गच्च भरलं, आणि एकही फूल नाही. मामाजींना फोटो पाठवला. त्यांनी बराच वेळ पाहिला असावा, कारण फोन संध्याकाळी आला. "झाड माजलं हाये. तान देल्ला का कधी?"

ज्यांनी संत्र्याची बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला बहार हवा असेल तर त्याचं पाणी तोडावं लागतं. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, मृग बहारासाठी एप्रिल-मेच्या उन्हात. हलक्या जमिनीत महिनाभरात भागतं, आमच्यासारख्या काळ्या मातीत दीड-दोन महिने लागतात. पानं मलूल व्हायला हवीत, थोडी गळायलाही हवीत. आता आपलं काही खरं नाही असं झाडाला मनापासून वाटलं पाहिजे. मग पाणी मिळालं की ते घाईघाईनं फुलतं.

अडचण अशी की आमच्या घरात कोणाला उपाशी ठेवण्याची परंपरा नाही. उपासाच्या दिवशी तर आम्ही दोन पदार्थ जास्त खातो. डिसेंबरात मी पाणी तोडलं, सगळ्यांना बजावलं, नळीसुद्धा गुंडाळून माळ्यावर टाकली. महिना झाला तरी झाड टवटवीत. मग एक दिवस आई तांदळाचं धुवण आळ्यात ओतताना सापडली. "हे काय पाणी आहे का? धुवण आहे." भांडीवाल्या बाईंची बादली तिथंच रिकामी होत होती. बायको वाळत घातलेले कपडे अगदी झाडावरच पिळत होती. आणि खरं सांगायचं तर सकाळी दात घासायला मी कुठं उभा राहत होतो हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात तरी जमेल म्हटलं, तर कूलर. नागपूरच्या मे महिन्यात माणसापेक्षा कूलर जास्त पाणी पितो आणि उरलेलं खाली सोडतो. आमच्या कूलरची नळी कुठं सोडली होती हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

शेवटी 2023च्या मे महिन्यात मामाजी स्वतः आले. परसात बाज टाकली, उशाशी काठी ठेवली. आईचं धुवण मोरीत गेलं. कूलरची नळी कण्हेरीकडे वळली. बाईंनी तर त्या बाजूला बघणंच सोडलं. पंचवीस मेला नवतपा लागला, कावळे चोच उघडी टाकून बसू लागले आणि झाडानं खरोखर मान टाकली. पानं द्रोणासारखी मिटली. दुपारी एखादं पान टपकन पडायचं, आणि आतल्या खोलीतून आईचा सुस्कारा ऐकू यायचा. तिनं जेवण कमी केलं. मामाजींचं वाढवलं. राखणदार सुस्तावला तर बरं, असा तिचा हिशेब असावा. मामाजी रोज दुपारी दोन पोळ्या जास्त खाऊन झाडाकडे पाठ करून निजत.

मृग लागायला दोन-तीन दिवस असतील. पहाटे चारला मला जाग आली, म्हणून बाहेर आलो. बाज रिकामी. मामाजी तांब्या घेऊन आळ्यापाशी उकिडवे बसले होते, आणि आवाज होऊ नये म्हणून पाणी हातावरून सोडत होते. मी खाकरलो.

"थोडंसंच देल्लं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "सहाशे झाडाईले एका टायमाले तान देल्ला जी. तवा काही वाटे नाही. एकटं झाड असं पाहून राह्यते ना..."

मी काही बोललो नाही. आत जाऊन आणखी एक तांब्या भरून आणला. पाणी ओतून वळलो तर मोरीच्या दारात आई उभी, हातात धुवणाचं पातेलं.

त्या आठवड्यात पाऊस काही आला नाही, महिनाअखेरीस आला. पण आला तो धो धो. जुलैत झाडाला पांढरी फुलं लागली, आणि वासानं शेजारच्या मावशी चौकशीला आल्या. वाटाण्याएवढी झालेली बरीचशी फळं गळून गेली. एकवीस टिकली. त्यातली काही रात्री रस शोषणाऱ्या पतंगांनी टोचून ठेवली, दोन माकडांनी चाखून पाहिली आणि नापसंत केली. फेब्रुवारीत तोडणीला अकरा हाती आली.

सहा संत्री घेऊन आम्ही वरूडला गेलो. जिथं बैलगाडीभर संत्री पाहून कोणी मान वर करत नाही, तिथं बायकोनं ती ताटात, रुमालावर मांडली. मामाजींनी एक उचललं, वजन पाहिलं, साल सोडवली, एक फोड तोंडात टाकली आणि बी अंगणात थुंकलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड हाये," ते म्हणाले. दुसरी फोड सोलता सोलता माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन पानी थोडं जास्तच झालं."