बांडा मुकादम

लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा शेजारच्या दारात एक गोधडी पडलेली दिसली. ओलांडायला पाय उचलला, तर गोधडीच उठून उभी राहिली. पुढचं टोक कुठलं न् मागचं कुठलं, कळेना. एकीकडे काळं, ओलं नाक दिसलं, तेव्हा त्या बाजूला ‘हॅलो’ म्हटलं.

हा ओल्ड इंग्लिश शीपडॉग. ड्युलक्स रंगाच्या जाहिरातीत 1960च्या दशकापासून हाच झळकतो, म्हणून तिकडे सगळे याला ‘ड्युलक्स डॉग’च म्हणतात. पॉल मॅकार्टनीकडे यातलीच मार्था होती. तिच्या नावावर बीटल्सचं 1968 सालचं गाणं आहे. जुनं नाव मात्र ‘बॉबटेल’, म्हणजे आपल्या भाषेत बांडा. गुरं-मेंढरं बाजारापर्यंत हाकत नेणं हे याचं काम. कामकरी कुत्र्यावर कर नसे, त्याची खूण म्हणून शेपूट छाटत, असं सांगतात. इंग्लंडात 2007 पासून या जातीची शेपूट छाटता येत नाही. त्यामुळे हल्लीचे बांडे झुपकेदार शेपट्या हलवत येतात.

गुरं रेल्वेने जाऊ लागली आणि याची नोकरी गेली. सवय तेवढी राहिली.

एकदा सगळे मिळून बागेत गेलो. नातू घसरगुंडीकडे, लेक फोन कानाला लावून झाडाखाली, मी बाकाच्या शोधात. कळप पांगलेला पाहून साहेब अस्वलासारखे डुलत निघाले. डोळ्यांवर झिपऱ्या. (आमच्या आजीने खोबरेल चोपडून बुचडाच बांधला असता.) तरी नेम अचूक. आधी नातवाला ढुशी, मग लेकीला, शेवटी माझ्या गुडघ्याला. पाच मिनिटांत आम्ही तिघं एका जागी उभे, आणि हा समोर जीभ काढून हजेरी घेतोय.

मला त्याचं हसू आलं, पण फार वेळ नाही. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. अजून फलाटावर मी आधी बॅगा मोजतो, मग माणसं.

त्या रात्री गॅस, दार, नातवाचं दप्तर अशी माझी फेरी चालू होती. लेक म्हणाली, “बाबा, बसा ना हो जरा स्वस्थ.” भिंतीपलीकडून शेजारीणही हेच सांगत होती, इंग्रजीतून.

दोघांनीही ऐकलं नाही.