राखाडी शनिवार

नवरात्रातले रंग वारावरून ठरतात. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. उरलेल्या दिवसांसाठी मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांची सोय असते. हे वेळापत्रक कोणी देवीला विचारून केलेलं नाही, पण ते मोडायची हिंमत लोकलच्या लेडीज डब्यात कोणाची होत नाही. पिवळ्या दिवशी निळी नेसून आलेल्या बाईला जागा तर सोडाच, फोटोतही घेत नाहीत.

२०२४ साली ३ ऑक्टोबरला, गुरुवारी घट बसले. साड्या काय सगळ्याच नेसतात, आपण केस रंगवायचे, असं मी ठरवलं. माझे केस काळे, दाट आणि कुरळे. लहानपणी आई फणी घेऊन बसली की शेजारचे दारं लावून घेत. हल्ली कानशिलाजवळ पांढरे डोकावतात, त्यांचा बंदोबस्त मी दर महिन्याला डायने करते. पण रोज नवा रंग हवा तर तो धुतला की जाणारा पाहिजे. असा रंग बाजारात खडू, स्प्रे आणि वॅक्स अशा अवतारांत मिळतो. मी सगळेच मागवले.

गुरुवारी पिवळा खडू काढला. पाकिटावरच्या मुलीचे केस सरळ आणि सोनेरी. तिने खडू वरून खाली ओढला की काम झालं. माझ्या बटेवर तो पहिल्याच वळणावर अडकला, दुसऱ्या वळणावर मोडला. खडू संपला तेव्हा केस होते तसेच काळे होते. खांदे, पाठ आणि बेसिन मात्र पिवळंधम्मक. बँकेत शिरले तर कॅशमधली मैत्रीण म्हणाली, "सकाळी सकाळी जेजुरी करून आलीस?" आणि माझ्या खांद्यावरची चिमूट उचलून तिने खरोखर कपाळाला लावली.

शुक्रवारी हिरवा स्प्रे. डबा हलवला, आतली गोळी खडखडली, डोळे मिटून फवारला. कुरळ्या केसांत स्प्रे फक्त वळणाच्या बाहेरच्या बाजूला बसतो, आतली बाजू कोरडीच राहते. वाळल्यावर केस कडक झाले, हिरवे काही दिसेनात. ट्यूबलाइटखाली पाहिलं, आरशाजवळ जाऊन पाहिलं, शेवटी लेकाला घेऊन खिडकीतल्या उन्हात उभी राहिले. त्याने बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "आहे हिरवा. सांगितल्यावर दिसतो."

यामागे साधं कारण आहे. डायमधले कण आधी अगदी बारीक असतात, ते केसाच्या आत शिरून तिथे मोठे होतात. धुऊन जाणारा रंग बाहेर सालीवरच बसतो. तो पारदर्शक असला तर उजेड त्यातून आरपार खालच्या काळ्यापर्यंत जातो, आणि आमच्या बँकेच्या काही कर्जांसारखा परत येत नाही.

संध्याकाळी पार्लरमधल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, आधी ब्लीच. पेरॉक्साइडने काळा काढायचा, मग वर हवा तो रंग." काळा निघताना मध्ये केशरी येतो, असंही कळलं. रविवार केशरीच होता, त्यामुळे क्षणभर मोह झाला. पण कुरळ्या केसांत डोक्याचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही, ते मुळात कोरडे. "तुमची टोकं हातात येतील," असं ताईंनीच सांगितल्यावर मी पर्स उचलली.

राहिलं वॅक्स आणि उजाडला राखाडी शनिवार. महिन्यातला पहिला, म्हणजे बँक चालू. पहाटे उठून ओल्या केसांची एकेक बट बोटांत धरून चंदेरी वॅक्स चोपडलं, पिळून गुंडाळलं, पंख्याखाली सुकवलं. आणि रंग दिसला! मुळापासून टोकापर्यंत, लांबून, ट्यूबलाइटखालीसुद्धा. या वॅक्समधले चकाकते कण उजेडाला खाली जाऊच देत नाहीत. विजयी मुद्रेने आरशात पाहिलं, तर समोर माझी थोरली आत्या. चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. "अगं, रात्रीतून काय झालं?"

डोंबिवलीहून फास्ट गाडीत मला आजवर चौथी सीटसुद्धा मिळालेली नाही. त्या दिवशी खिडकीतली कॉलेजची पोर मला बघून उठली. "बसा ना, आजी." मी सेहेचाळीस वर्षांची आहे. स्वाभिमान म्हणाला, नाही म्हण. गुडघे म्हणाले, खिडकी आहे. "सुखी राहा बाळा," मी म्हटलं आणि बसले. आवाजही जरासा कापरा लावला.

ठाणं गेलं आणि घाम सुटला. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात गर्दी. चंदेरी ओघळ कानामागून पदरावर उतरले; साडी राखाडी म्हणून निभावलं. घाटकोपरला ती पोर ओरडली, "आजी, तुमचे केस काळे होतायत!" अख्खा डबा माझ्याकडे वळला. कोणी हसेल म्हणून मी मान खाली घातली, तर समोरच्या काकू पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "तेल कुठलं लावता हो?"

बँकेत पेन्शनवाल्या आजोबांनी उरलासुरला चंदेरी रंग पाहून विचारलं, "मॅडम, एक्स्टेन्शन मिळालं वाटतं?"

एका धुण्यात जातो, असं डबीवर लिहिलं होतं. घामाने न विचारता गेलेला रंग शाम्पूने मात्र वळणांच्या आतून निघायला तयार नाही. रविवारी केशरी साडीवर मी कानशिलाशी राखाडी होते. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "या महिन्यात डाय राहिला का गं?" जो रंग लपवायला दर महिन्याला पैसे मोजते, नेमका तोच एक माझ्या डोक्यावर उठून दिसतो, आणि त्यासाठीही मी पैसे मोजले.

सासूबाई म्हणाल्या, टाकून दे ती डबी. मी ती पर्समध्ये ठेवली आहे. सकाळच्या गाडीला कानाजवळची एक बट पुरते.