काटकसरीचं पाकपुस्तक घेण्याआधी: नागावकर नवशिक्यांसाठी

साहित्य: एक शिसपेन्सिल, घरातल्या सगळ्या वाट्या, महिन्याच्या वाणसामानाची यादी आणि पुस्तकापुरते सुटे पैसे. प्रमाण चार माणसांचं आहे. नागावात शनिवार-रविवारी पर्यटक उतरले की चाराची चौदा होतात. तेव्हा सगळं साडेतीनपट करावं, मीठ सोडून.

कृती: अलिबागच्या एसटी स्टँडवर किंवा शाळेच्या हॉलमधल्या पुस्तक प्रदर्शनात ‘कमी खर्चात रोजचा स्वयंपाक’ अशा थाटाचं काहीतरी मिळेल. ते उघडू नका. आधी पालथं करून कणा बघा. काटकसरीच्या पुस्तकाला बहुधा कणा नसतो, दोन पिना असतात. आपल्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात त्या पिना गंजतात, दुसऱ्या पावसाळ्यात मधलं पान सुटतं. म्हणून मधल्या पानावर काय आहे ते दुकानातच पाहून घ्या. लोणची असतील तर खुशाल घ्या. लोणचं शेजारून येतंच.

आता एखादी पाककृती काढा आणि फक्त ‘साहित्य’ वाचा. पुस्तकाची किंमत मलपृष्ठावर छापलेली असते, पण खरा खर्च या यादीत असतो. काटकसर शिकवणारी बाई किंवा बुवा शहरात राहतात, त्यामुळे त्यांचा हिशेब शहरातल्या बाजाराचा. तिथे ओलं खोबरं ‘आवडत असल्यास’ आणि पनीर दोनशे ग्रॅम. आपल्याकडे उलटं: खोबरं वाडीतलं, आणि पनीरसाठी रिक्षा करून अलिबाग गाठायचं. अर्थात वाडी आहे म्हणून नारळ फुकट, असं नवशिक्यांनी समजू नये. माडावर चढणाऱ्याची मजुरी विचारून बघा. शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरचे माड आणि पोफळी आडव्या केल्या. उंच जातीचा माड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं घेतो. तेवढी वर्षं वाडीवालाही नारळ विकतच आणतो.

कांद्याचंही तसंच. पुस्तकात नुसतं ‘दोन कांदे’ लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात आपल्या रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकतात. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गोड, कमी तिखट, कच्चा खायचा कांदा. तो वाटणात घालून काळा होईपर्यंत परतणं म्हणजे पैसे चुलीत घालणं. परतायला साधा लाल घ्यावा. हे कुठलंही काटकसरीचं पुस्तक सांगत नाही, आणि सांगण्यासारखं तर हेच आहे.

माशाच्या विभागाची परीक्षा सोपी. मुखपृष्ठावर पापलेट असेल तर पुस्तक खाली ठेवा. दारावर पाटी घेऊन येणारी मावशी काटकसरीचा धडा दोन वाक्यांत देते: “पापलेट नको बघू, ताई. मांदेली घे, आजची हाय.” चांगल्या पुस्तकात बोंबील, मांदेली, जवळा यांची नावं असतात. त्याहून चांगल्या पुस्तकात 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते हे लेखकाला ठाऊक असतं, आणि त्या दोन महिन्यांसाठी सुकट, सोडे, सुके बोंबील यांची पानं असतात. असं पुस्तक सापडलं तर मलाही कळवा.

यानंतरची पायरी जरा वेळखाऊ आहे. वालाचं बिरडं काढा. तिथे हमखास एक ओळ असेल: ‘सोललेले वाल, दोन वाट्या’. ही ओळ बोट ठेवून वाचा, कारण सगळ्या पुस्तकाची काटकसर इथे दडलेली आहे. ते सोललेले वाल येतात कुठून? आदल्या दिवशी सकाळी कडवे वाल पाण्यात टाकायचे. रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे, वर जड काहीतरी ठेवायचं. मोड यायला हवा कशी आहे त्यावर रात्र किंवा दीड दिवस. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबला की साल बोटात राहते आणि डाळिंबी सुटून परातीत पडते. दोन वाट्यांना पाऊण तास तरी जातो, नखांच्या कडा काळ्या पडतात, आणि एखादा दाणा उडून फ्रिजखाली जातो तो दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच. पुस्तकाच्या हिशेबात या सगळ्याची किंमत शून्य. वालाचा दर धरलाय, तेलाचा धरलाय, क्वचित गॅसचाही. सोलणारीचा नाही.

मुंबईच्या भाजीबाजारात तयार सोललेलं बिरडं विकायला असतं. त्याचा भाव आणि सुक्या वालाचा भाव शेजारी मांडा. वाल भिजून फुगतात ते वजा केल्यावर उरतो तो फरक म्हणजे पुस्तकाने गाळलेली रक्कम. नागावात तर ती गाळायला काही निमित्तच नाही. इथे घरोघरी ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी आहे. शनिवारी ताटाचा दर सांगणारी बाई आपल्या पाऊण तासाला काय मिळतं हे चोख जाणते. सोमवारी तिला कुणी ‘स्वस्तात बिरडं’ शिकवायला गेलं तर ती हसेल, आणि मग पाव्हण्यांसाठी ठेवलेली सोलकढी देईल.

वाट्यांची पायरी विसरलोच. मराठीत छापील पाकपुस्तकं जुनी आहेत: ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, त्यात हजार पाकक्रिया. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने घराघरांतल्या नव्या नवऱ्यांना आणि नवऱ्या मुलींना हात दिला. लग्नात आहेर म्हणून दिलेली ती प्रत आजही अनेक घरांत हळदीचे डाग मिरवत चालू आहे. तिच्यावर ‘बजेट’ असं कुठे लिहिलेलं नाही. तरी पन्नास वर्षं वापरलेल्या पुस्तकाचा दर वर्षाला किती पडला, ते ज्याचं त्याने काढावं. तर वाट्या: घरातल्या सगळ्या ओळीने मांडा, आमटीची, बारशाला आलेली चांदीची, स्टीलची खोलगट. एकीत तांदूळ भरून दुसरीत ओता. मग एक कायमची ठरवून टाका आणि ती पाव्हण्यांच्या ताटात जाऊ देऊ नका.

एवढं करून पुस्तक घ्यायचं की नाही? रोज रांधणाऱ्या बाईने घेऊ नये. तिला त्यातलं सगळं येतं, शिवाय पनीर टाळायलाही येतं. घ्यावं ते घरात वाणसामानाचे पैसे मोजून देणाऱ्याने आणि “आज साधंच काहीतरी कर” म्हणणाऱ्याने. त्याने बिरड्याचं पान उघडून पहिल्या ओळीपासून, म्हणजे पुस्तकात नसलेल्या आदल्या दिवसापासून, एकदा स्वतः करावं. नवशिके ते हेच. त्यांच्यासाठी पिनांचं पुस्तकही स्वस्त पडेल.

घेताना समास रुंद असलेली प्रत निवडा. पापलेटवर काट मारून मांदेली लिहायला, जून-जुलैला सुकट लिहायला, सोलायचा वेळ मांडायला जागा लागते. पेन नको, पेन्सिलच वापरा. श्रावणातल्या दमट हवेत शाई फुटते.